नाका चुकवणारी बाईक तुमची नव्हे

रात्री अकरानंतर बाळकुम नाक्यावर पाच मिनिटं उभे राहा. कापूरबावडीकडून कशेळी पुलाच्या दिशेने ट्रेलर आणि टेम्पोंची रांग भिवंडीच्या गोदामांकडे सरकत असते. रस्त्याच्या मधोमध मेट्रो ५चे खांब. या गर्दीतून एक बाईक येते, आणि दिसायच्या आधी ऐकू येते. मागचा मडगार्ड कापलेला, इंडिकेटर काढलेले, नंबरप्लेट सीटखाली दुमडलेली आणि सायलेन्सरमधून फटाके. दोन सेकंद सगळा नाका तिच्याकडे बघतो. पुढे चौकात पांढरा शर्ट आणि खाकी पँट दिसली, की हीच बाईक एकदम शहाणी होते. आवाज खाली येतो आणि ती बाजूच्या गल्लीत शिरते.

आज या बाईकबद्दल बोलायचंय. शिव्या घालायला नाही, त्या घालायला सोसायटीचे काका आहेतच. बोलायचंय ते यासाठी, की तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात अशीच एक बाईक फिरत असते. बाबांची जुनी स्प्लेंडर नाहीतर मामाची पल्सर. बारावीनंतर चावी हातात आली, की पहिला विचार येतो तो हिला 'आपली' करायचा. हा विचार वाईट नाही, उलट फार चांगला आहे. हातांना काळं लावून घेणारा, पाना कुठल्या बोल्टला लागतो हे माहीत असलेला विद्यार्थी आज दुर्मीळ आहे.

पण 'आपली' बाईक म्हणजे कुठली, हे आधी ठरवायला हवं. आमचं म्हणणं साधं आहे. जी बाईक पोलीस दिसल्यावर गल्ली शोधते, ती तुमची नाही, तुम्ही तिचे झालात. आणि ज्याला आपली गाडी प्रामाणिकपणे तपासून घ्यायची आहे, त्याच्यासाठी सरकारने दारच ठेवलेलं नाही, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही गोष्टी एकत्र बोलल्या तरच उपयोग.

हौस जुनीच आहे

छोट्या, वेगळ्या दिसणाऱ्या बाईकचं वेड इन्स्टाग्रामने आणलेलं नाही. १९७३ मध्ये 'बॉबी' आला आणि राजदूत जीटीएस १७५ ही इवलीशी गाडी देशभर 'बॉबी' याच नावाने ओळखली जाऊ लागली. १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० आली. इंजिन फक्त ९८ सीसी, पण पिकअप असा, की १९९६ मध्ये उत्पादन थांबूनही तिच्यासाठी जीव टाकणारी पोरं आजही सापडतात. मुंबईत अक्षय वर्दे यांनी 'वर्देंची' या नावाने कस्टम मोटरसायकली बांधायला घेतल्या, पुण्यात 'ऑटोलॉग डिझाइन'ने बुलेटसाठी तयार किट आणले. २०१३ पासून गोव्यात इंडिया बाईक वीक भरू लागला आणि महाराष्ट्रातल्या पोरांना अशा गाड्या जवळून बघायला मिळाल्या.

यातल्या बहुतेक गाड्यांची किंमत मात्र आपल्या पॉकेटमनीच्या पलीकडची. म्हणून आपण रील बघतो आणि त्या गाडीचा फक्त वरचा देखावा उचलतो. गंमत अशी, की 'कॅफे रेसर' आणि 'बॉबर' हे दोन्ही प्रकार मुळात श्रीमंतांचे नव्हतेच. पन्नास-साठच्या दशकात लंडनच्या एस कॅफेवर जमणारी पोरं साध्या घरातली होती. त्यांनी रोजच्याच गाड्यांचं हँडल खाली घेतलं, अनावश्यक वजन काढलं. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मडगार्ड छाटून गाडी हलकी करणाऱ्यांची 'बॉबर' झाली. म्हणजे हातात आहे त्या गाडीतून काहीतरी घडवणं, हाच या हौसेचा पाया. त्या हिशेबाने शंभर सीसीची स्प्लेंडर हा कस्टमसाठी अगदी योग्य कच्चा माल आहे.

लहान इंजिनाचं गणित

मात्र लहान गाडीत चुकीला जागा कमी असते. बुलेटच्या ताकदीत थोडी खाट-खूट खपून जाते. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसी, ताकद साधारण आठ हॉर्सपॉवर. त्यातली अर्धी हॉर्सपॉवर गेली, तरी घोडबंदर रोडच्या फ्लायओव्हरवर लगेच कळतं.

सगळ्यात लोकप्रिय बदल सायलेन्सरचा, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू. आतली जाळी किंवा बॅफल काढलं की आवाज मोठा होतो आणि आपल्याला वाटतं ताकद वाढली. कार्ब्युरेटरच्या गाडीत प्रत्यक्षात काय होतं? धूर बाहेर पडायची वाट मोकळी झाल्याने हवा जास्त खेचली जाते, पण जेट तोच असल्याने पेट्रोल तेवढंच मिळतं. मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. प्लग काढून बघा, टोक पांढरट दिसेल. नीट चालणाऱ्या इंजिनाचा प्लग फिकट तपकिरी असतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे, शिवाय एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो पाइप कापून फेकला, की सेन्सर गोंधळतो, मीटरवर दिवा लागतो आणि प्रदूषण वाढतं ते वेगळंच.

दुसरा लाडका बदल रुंद टायर. मूळ बारीक रिमवर मोठा टायर चढवला, की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि रस्त्याला टेकणारा भाग बदलतो. गाडी वळताना जड होते, मायलेज पडतं, चेन टायरला घासू शकते. तिसरा बदल खाली घेतलेलं हँडल. फोटोत भारी दिसतं, पण हँडल पूर्ण वळवल्यावर क्लचची केबल किंवा ब्रेकचा पाइप ताणला जातो का, हे फार थोडे जण बघतात. चौथा स्प्रॉकेट. पुढच्या स्प्रॉकेटला एक दात वाढवणं म्हणजे मागचे जवळपास तीन दात कमी करण्यासारखं. कागदावर टॉप स्पीड वाढतो, पण सिग्नलवरून उठताना गाडी दम टाकते. ठाण्यात आपण टॉप स्पीडला किती वेळ असतो आणि सिग्नलला किती वेळ, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

सगळ्यात गंभीर बदल फ्रेमचा. सीट छोटी करायची म्हणून मागचा सबफ्रेम ग्राइंडरने कापतात आणि गोल पाइप वेल्ड करतात. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळचा धातू बदलतो. तो सांधा कसा भरलाय, आतून पोकळ राहिलाय का, हे वरून रंग मारल्यावर दिसत नाही. ते कळतं पावसाळ्यात, एखाद्या खड्ड्यात. आणि तेव्हा गाडीवर आपण एकटे असूच असं नाही.

मागे बसणाऱ्यांचं काय?

मागच्या सीटवर नेहमी बसणारी एक म्हणून हे लिहितेय. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १२३ वा नियम फार कमी बाईकवाल्यांना माहीत असतो. मागे बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला तीन गोष्टी हव्यातच, असं तो सांगतो. धरायला पक्की जागा, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो, ते हेच.

कस्टमच्या नावाखाली पहिलं निघतं ते साडीगार्ड, मग ग्रॅबरेल, मग मडगार्ड. 'लूक खराब होतो' म्हणून. पण ओढणी आणि पदर चाकात जाऊन झालेले अपघात आपल्याकडे नवे नाहीत. आईला स्टेशनला सोडायचं असतं, बहिणीला क्लासला न्यायचं असतं, मैत्रीण लिफ्ट मागते. एकट्यासाठीच गाडी बांधायची असेल, तर ती खुशाल एका सीटची ठेवा आणि मागे कुणाला घेऊच नका. पण सीट दोघांची आणि सुरक्षितता एकाची, हा हिशेब चालणार नाही.

आवाजाचंही तसंच. ८० सीसीपर्यंतच्या दुचाकीला ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबल, अशी मर्यादा कंपन्यांना पाळावी लागते. डेसिबलचा हिशेब साधा बेरजेचा नसतो. दहाने आकडा वाढला, की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. इंदोरी, पंजाबी, डॉल्फिन अशा नावांनी मिळणारे सायलेन्सर याच मर्यादेची वाट लावतात. रस्त्याकडेच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर झोपलेल्या बाळाला तुमच्या गाडीचं मॉडेल कळत नाही, त्याची फक्त झोप मोडते. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवले, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कस्टम बाईकच्या हौसेवरच पडल्या, कारण लोकांना ही हौस फक्त आवाजातून भेटली होती.

कायदा नेमकं काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८. कलम ५२. आरसीवर नोंदलेली माहिती आणि कंपनीने दिलेली मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. पूर्वी या कलमात परवानगीने बदल करायला जास्त जागा होती, २००० सालच्या दुरुस्तीने ती आवळली. केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही वाढली. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडले, तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, लायसन्सही तीन महिने हातातून जाऊ शकतं.

घाबरून जाऊ नका. कलमातला 'बदल' म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला फेरफार. सीटचं कव्हर, ग्रिप, टाकीवरचं स्टिकर यासाठी कुणी तुरुंगात जात नाही. पूर्ण रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. इंजिन बदलायची वेळ आली तर ते त्याच प्रकारचं हवं आणि चौदा दिवसांत आरटीओला कळवायला हवं. कुर्ल्याच्या बाजारातून स्वस्तात इंजिन आणणाऱ्यांनी हे नीट वाचावं. बिल नसलेल्या इंजिनाचा नंबर चोरीच्या गाडीचा निघाला, तर 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चौकीत फार वेळ टिकत नाही.

आणखी एक गोष्ट. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. बाबांची स्प्लेंडर त्या वयाला आली असेल, तर ती तपासणीसाठी आरटीओत उभी करावी लागणार. तेव्हा कापलेला मडगार्ड कुठून आणणार? अपघात झाला, तर विमा कंपनीचा माणूसही गाडी मूळ मॉडेलशी ताडून बघतो, आणि न कळवलेले बदल हे क्लेम अडवायचं सोपं कारण ठरतं.

सरकारने दार उघडावं

आता दुसरी बाजू. समजा, तुम्ही डिप्लोमाला आहात. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन लेथवर स्पेसर करून घेतलेत, वेल्डिंग नीट करून घेतलंत, ब्रेक मूळपेक्षा चांगला बसवलात. ही गाडी घेऊन तुम्ही आरटीओत गेलात आणि म्हणालात, 'साहेब, तपासा, नापास असेल तर नापास करा.' तर अशा एकट्यादुकट्या गाडीसाठी विद्यार्थ्याला झेपेल अशी सरळ प्रक्रियाच आपल्याकडे नाही. नियम पाळणारा आणि फटाके फोडणारा, दोघे एकाच रांगेत गुन्हेगार. मग नियम पाळण्यात फायदा काय, असं पोरांना वाटलं तर नवल नाही.

मार्ग काढता येत नाही, असं नाही. जर्मनीत टीयूव्हीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडे बदललेली गाडी नेतात. तज्ज्ञ तपासतो, पास झाली तर बदल कागदपत्रांत नोंदला जातो. ब्रिटनमध्ये एकेका मोटरसायकलच्या मान्यतेसाठी स्वतंत्र चाचणी आहे. जपानमध्ये २५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना ठरावीक काळाने होणारी सक्तीची तपासणी लागत नाही. तिथे छोट्या कस्टम गाड्यांची एवढी चंगळ दिसते, त्यामागे हेही एक कारण आहे.

लांब कशाला जायचं? ठाण्याच्याच 'गोगोएवन' या कंपनीने २०२१ मध्ये स्प्लेंडरला इलेक्ट्रिक करणारं किट बाजारात आणलं. पेट्रोलचं इंजिन काढून मोटर बसवायची, याहून मोठा बदल कुठला? तरीही तो कायदेशीर होऊ शकतो. कारण त्यासाठी वाट आखलेली आहे. किट तपासून मान्य व्हायचं, अधिकृत ठिकाणी बसवायचं आणि आरसीवर इंधनाचा प्रकार बदलून घ्यायचा. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्राला वाहनांतल्या बदलांचे निकष आणि अटी ठरवायचा अधिकारही दिलाय. अधिकार आहे, तपासणीचं ज्ञान पुण्याच्या एआरएआयकडे आहे. लहान दुचाकींसाठी ब्रेक, फ्रेम, दिवे, आवाज आणि धूर एवढ्या पाच गोष्टींची, परवडेल अशा शुल्कातली तपासणी सुरू करणं अशक्य नाही. पास झालं तर नोंद, नापास झालं तर मूळ रूपात आणा.

इंजिनीअरिंगच्या मुलांना ही शिस्त नवी नाही. २००७ पासून होणाऱ्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेत विद्यार्थी स्वतः गाडी बांधतात, पण तांत्रिक तपासणीत पास झाल्याशिवाय ती शर्यतीत उतरत नाही. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं लॉक झाली नाहीत, तर वर्षभराची मेहनत बाजूला. कुणी त्याला अन्याय म्हणत नाही. कॅम्पसच्या ट्रॅकवर आपण जे मान्य करतो, ते बाळकुमच्या रस्त्यावर का नको?

तोपर्यंत तुम्ही काय करायचं

दार उघडेपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. जुनी गाडी नव्यासारखी चालवून दाखवणं हे सगळ्यात अवघड आणि पूर्णपणे कायदेशीर कस्टम काम आहे. साधारण पाचशे किलोमीटरला चेन साफ करून तेल द्या, पावसाळ्यात त्याआधीच. चेन किती सैल हवी, ते मॅन्युअलमध्ये बघा, आणि चाक फिरवून ती जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथे मोजा. ब्रेक लायनर स्वतः उघडून बघायला शिका. कार्ब्युरेटर खोलून जेट साफ करा आणि खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा, म्हणजे शेवटी दोन स्क्रू उरणार नाहीत. एलईडी लावायची असेल तर वायर कापून टेप गुंडाळू नका, कपलर, फ्यूज आणि रिले वापरा. एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावायचा मोह आवरा, जुलैमध्ये कशेळीच्या रस्त्यावरचा चिखल आणि पाणी थेट इंजिनाच्या दिशेने जातं.

रूप बदलायचंच असेल, तर परत जोडता येईल तेच बदला. बोल्टने निघेल आणि बोल्टनेच बसेल ते ठीक. ग्राइंडर आणि वेल्डिंग फ्रेमपासून लांब. मूळ मडगार्ड, साडीगार्ड, सायलेन्सर भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा. घेतलेल्या प्रत्येक पार्टचं बिल एका फाइलमध्ये लावा. आणि गॅरेजवाल्या दादांना 'भाऊ, कडक करून दे' एवढंच सांगून निघून जाऊ नका. शेजारी स्टूल टाकून बसा, पाना हातात घ्या, 'हे असं का?' विचारत राहा. चार शनिवार तसं बसलात, तर पाचव्या शनिवारी रस्त्यात बंद पडलेली मित्राची गाडी तुम्हीच चालू करून द्याल.

आणि शेवटचं. कॉलेजचं मॅगझिन, विद्यार्थी परिषद, इंजिनीअरिंगचे क्लब, सगळ्यांनी मिळून परिवहन विभागाला लिहा. 'आम्हाला सूट नको, तपासणी हवी,' एवढी एकच ओळ पुरे. सूट मागणाऱ्या तरुणांना टाळणं सरकारला सोपं असतं. जो 'माझी गाडी तपासा' म्हणत दारात उभा आहे, त्याला टाळणं अवघड जातं.